पिकअपला ट्रेलर जोडल्यावर ॲव्हरेज कसं सांभाळायचं

मोकळी पिकअप हायवेला १२ चं ॲव्हरेज देते आणि मागे ट्रेलर लावला की थेट ५ वर येते, मग माणूस घाबरतो, एअर फिल्टर बदलतो, इंजेक्टर साफ करून घेतो, कुणीतरी सांगितलेली बाटली टाकीत ओततो, आणि पुढच्या ट्रिपला परत ५ च. तर आधीच सांगून ठेवतो, गाडीत काही बिघडलेलं नसतं. मागे डब्यासारखा उंच ट्रेलर असेल तर ॲव्हरेज निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येणारच, मोठी पेट्रोल पिकअप आणि राहायच्या खोलीएवढा ट्रेलर म्हटलं की लिटरला ४ ते ५ किलोमीटर हा नेहमीचा आकडा आहे, डिझेल त्याच्या थोडं वर जातं. पण त्या ५ चे ६ करणं बऱ्यापैकी आपल्या हातात असतं आणि त्यातलं बरंचसं फुकट होतं. फक्त इंधन नेमकं जातं कुठे ते आधी बघायला लागेल, कारण ते बहुतेकांच्या डोक्यात उलटं बसलेलं असतं.

इंधन कोण खातं

सगळ्यांना वाटतं वजन खातं. सपाट रस्त्यावर तरी तसं नाहीये. एक ढोबळ हिशोब मांडतो, आकडे थोडे इकडेतिकडे होतील पण चित्र तेच राहतं. समजा २४०० किलोची पिकअप आहे, मागे २००० किलोचा उंच डबा ट्रेलर आहे आणि स्पीड ९०. टायर रस्त्यावर फिरताना जो विरोध होतो तो वजनाच्या साधारण १.२ टक्के धरा, म्हणजे पिकअपचा जवळपास २९ किलोचा आणि ट्रेलरचा २४ किलोचा मागे ओढणारा जोर. आता हवा. एकट्या पिकअपला ९० च्या स्पीडला हवा ५० किलोच्या आसपास मागे रेटते, आणि तो डबा जोडला की त्यात अजून ८० ते ८५ किलोची भर पडते. म्हणजे एकूण १८७ किलोच्या विरोधातले १३४ किलो निव्वळ हवेचे झाले. २००० किलोच्या ट्रेलरचं वजन खातंय २४ आणि त्याचा आकार खातोय ८४, हे एकदा नीट डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

यातूनच कळतं की २००० किलो दगड भरलेला बुटका ट्रेलर ओढताना पिकअप ८ चं ॲव्हरेज का देते आणि अर्धा रिकामा उंच डबा ओढताना ५ चं का देते. बुटका ट्रेलर पिकअपच्या सावलीत लपून येतो, उंच डबा पिकअपच्या टपाच्या वर आणि दोन्ही बाजूंना बाहेर येतो आणि तिथली सगळी हवा छातीवर घेतो. उघडी छत्री समोर धरून सायकल चालवल्यासारखं आहे ते, छत्रीचं वजन किती हा प्रश्नच येत नाही.

स्पीड. बाकी सगळं नंतर

हवेचा जोर स्पीडच्या वर्गाने वाढतो. म्हणजे स्पीड सव्वापट केला तर जोर सव्वापट होत नाही, दीडपटीच्याही थोडा वर जातो, आणि इंजिनाला लागणारी पॉवर तर घनाने वाढते, ८० वरून १०० ला गेलात की निव्वळ हवा कापायला लागणारी पॉवर जवळपास दुप्पट होते.

वरचाच हिशोब पुढे नेऊ. ९० ला एकूण विरोध १८७ किलो होता. १०५ ला हवेचे १३४ चे १८२ होतात, टायरचे ५३ तेच राहतात, एकूण २३५. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला २५ टक्के जास्त काम. उलटं बघा, १०५ वरून ९० वर आलात की २० टक्के काम वाचतं. आता वजनाशी तुलना करा, ट्रेलरमधून ३०० किलो सामान काढून टाकलं तर सपाट रस्त्यावर वाचतात साडेतीन-चार किलो. खुर्च्या घ्यायच्या का सोडायच्या यावर घरात तासभर वाद घालून नंतर ११० ने गाडी हाणायची, हे बघितलं की हसूच येतं.

वेळेचं काय, तर ३०० किलोमीटरला १०५ ने २ तास ५१ मिनिटं आणि ९० ने ३ तास २० मिनिटं, फरक अर्ध्या तासाचा. आणि १०५ ला ५ चं ॲव्हरेज धरलं तर त्या ३०० किलोमीटरला ६० लिटर लागणार, ९० ने गेलात तर त्यातले आठ-दहा लिटर टाकीत राहतात, एक पंपावरचा थांबा कमी झाला की त्या अर्ध्या तासातली दहा-पंधरा मिनिटं तिथेच परत मिळतात.

माझ्या मते ८५ ते ९५ ही ट्रेलरची खरी जागा आहे. त्याच्या खाली फायदा होतच राहतो पण मागच्या ट्रकवाल्यांना तुम्ही अडथळा व्हायला लागता आणि लोक विचित्र ओव्हरटेक मारायला लागतात, त्यामुळे रस्ता बघून ठरवा. शिवाय ट्रेलर असताना स्पीड लिमिट बऱ्याच देशांत वेगळं आणि कमी असतं, आणि ट्रेलरच्या खास टायरनाही स्वतःची स्पीडची मर्यादा असते, जुन्या पद्धतीचे एसटी (म्हणजे स्पेशल ट्रेलर) मार्किंगचे टायर वेगळं काही लिहिलेलं नसेल तर साधारण १०५ पर्यंतच धरायचे. म्हणजे टायर, कायदा आणि टाकी तिघंही एकच सांगतायत.

वारा पण याच हिशोबात येतो कारण हवेला तुमचा स्पीडोमीटर माहीत नसतो. ९० ने चाललाय आणि समोरून २० चा वारा आहे तर हवेच्या दृष्टीने तुम्ही ११० ने चाललाय, विरोध ६६ किलोने वाढला. तोच वारा मागून असेल तर ५३ किलोच कमी होतो. म्हणजे जाताना समोरून येताना मागून, हिशोब बरोबरीत सुटला असं होत नाही, थोडं नुकसानच राहतं. जोराचा वारा समोर असेल तर ८० वर या किंवा शक्य असेल तर निघायची वेळ बदला, बऱ्याच ठिकाणी पहाटे वारा पडलेला असतो. आडवा वारा पण वाईटच, इंधनालाही आणि ट्रेलर डुलायच्या दृष्टीनेही.

ट्रेलर घ्यायच्या आधी हे बघा

ज्यांचा ट्रेलर अजून घ्यायचाय ते नशीबवान, कारण अर्धं ॲव्हरेज इथेच ठरतं. लोक वजन बघतात, लांबी बघतात, आतलं किचन बघतात, आणि समोरून तो किती उंच-रुंद आहे हे कुणी मोजतच नाही. टेप घेऊन मोजा. २.४ मीटर रुंद आणि २.५ मीटर उंच भिंत म्हणजे ६ चौरस मीटर, तर पिकअपचा स्वतःचा समोरचा भाग ३ ते साडेतीन चौरस मीटर असतो. ३० सेंटिमीटर बुटका ट्रेलर मिळत असेल तर लांबी वाढली तरी चालेल पण उंची कमी घ्या. समोरचा भाग गोलाकार किंवा पाचरीसारखा असेल तर चांगलंच, टप उघडून वर उचलता येणारे ट्रेलर रस्त्यावर असताना बुटके राहतात त्यांचा फायदा तर स्पष्ट दिसतो. आणि पिकअपच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलरच्या समोरच्या क्षेत्रफळाची कमाल मर्यादा बऱ्याचदा दिलेली असते, किलोच्या आकड्याखाली बारीक अक्षरात, ती वाचा. वजनात बसणारा ट्रेलर क्षेत्रफळात बसत नाही असं होऊ शकतं.

टो रेटिंग, म्हणजे गाडी किती वजन ओढू शकते याचा कंपनीने दिलेला आकडा, त्याबद्दलही एक गोष्ट. अमेरिकन कंपन्या आता एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेच्या जे२८०७ या पद्धतीने रेटिंग काढतात, त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या लांबलचक चढावर एसी चालू ठेवून ट्रेलर ओढून नेतात आणि मागे दोन्ही बाजूंना एकेकच चाक असलेल्या पिकअपने ताशी ६४ किलोमीटरच्या खाली यायचं नाही अशी अट असते. टेस्ट चांगली आहे, पण गाडीत ड्रायव्हर आणि एक पॅसेंजर, दोघंही ६८ किलोचे, असं धरलेलं असतं. तुम्ही चौघं, कुत्रा, हौद्यात जनरेटर आणि दोन सायकली घेऊन निघालात की तो आकडा तुमचा राहिला नाही. तो आकडा गाडी काय खेचू शकते ते सांगतो, आरामात आणि कमी इंधनात काय खेचेल ते नाही. मी तरी रेटिंगच्या ७०-७५ टक्क्यांवर थांबतो.

डिझेल का पेट्रोल यावर लोक भांडत बसतात. वर्षभर जड ओढायचं असेल तर डिझेल, कारण लिटरमागे त्यात ऊर्जाच दहा-पंधरा टक्के जास्त आणि लोडवर ते जास्त कार्यक्षम चालतं, फक्त लोडवर डीईएफ, म्हणजे धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरायचं युरियाचं पाणी, तेही भराभर संपतं हे लक्षात ठेवा. वर्षातून मोजक्या वेळा ओढायचं तर पेट्रोल बरं. छोट्या टर्बो पेट्रोलचं एक गुपित आहे, मोकळी असताना मस्त ॲव्हरेज देतात पण सतत पूर्ण लोडवर दाबलं की इंजिन तापू नये म्हणून कंप्युटर जास्तीचं पेट्रोल सोडतो, म्हणून टर्बोला ट्रेलर असताना हळुवार पाय जास्त गरजेचा आणि मॅन्युअलमध्ये टोइंगसाठी जास्त ऑक्टेनचं पेट्रोल सांगितलं असेल तर तिथे कंजूषी नको. इलेक्ट्रिक पिकअपला ओढायची ताकद भरपूर, पण उंच डबा लावला की रेंज साधारण अर्धी होते, कारण हवा तिलाही सोडत नाही. तिथे चार्जर आधी बघून ठेवायचे आणि ट्रेलर न सोडता गाडी उभी करता येते का तेही बघायचं.

वजन वाटणं

वजन कमी केल्याने सपाटीला फार वाचत नाही असं म्हटलं, पण वजन कुठे ठेवलंय याने तुम्ही सुखरूप पोचता का ते ठरतं, त्यामुळे हा भाग ॲव्हरेजपेक्षा मोठा आहे. साध्या बॉल हिचला, म्हणजे पिकअपच्या मागे गोळ्यावर ट्रेलर अडकवायच्या जोडणीला, ट्रेलरच्या एकूण भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के वजन बॉलवर खाली यायला पाहिजे, यालाच टंग वेट म्हणतात. २००० किलोच्या ट्रेलरला २०० ते ३०० किलो. युरोपियन कॅरॅव्हॅनची रचना वेगळी असते, त्यांचे आकडे खूप कमी असतात, तिथे ट्रेलरच्या आणि हिचच्या प्लेटवर जे लिहिलंय तेच प्रमाण मानायचं. आणि फिफ्थ व्हील म्हणजे हौद्यात जोडायचा प्रकार, त्याला १५ ते २५ टक्के लागतात.

टंग वेट कमी पडलं की ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो, जास्त झालं की पिकअपचं ढुंगण खाली बसतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्हीची पकड सुटते आणि हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यात. म्हणून जड सामान ट्रेलरच्या एक्सेलच्या थोडं पुढे आणि खाली, साधारण ६० टक्के पुढे. पाण्याच्या टाकीकडे लक्ष द्या, १५० लिटर म्हणजे सरळ १५० किलो, आणि टाकी एक्सेलच्या मागे असेल तर तेवढ्यानेच टंग वेट बिघडतं. पोचायच्या ठिकाणी पाणी मिळणार असेल तर भरून कशाला न्यायचं, चढावर तेवढंच कमी.

टंग वेट पिकअपच्या पेलोडमधून, म्हणजे गाडी स्वतःवर जेवढं वजन घेऊ शकते त्यातून, वजा होतं हे विसरायचं नाही. दारावरच्या स्टिकरवर पेलोड ७०० किलो आहे, त्यातून २५० टंग गेलं, चार माणसांचे ३०० गेले, हिचचं लोखंड ५० किलो, उरले १००. हौदा मात्र दिसायला पूर्ण मोकळा.

हे सगळं अंदाजाने करू नका, वजनकाट्यावर जा. आधी नुसती पिकअप, पुढचा एक्सेल मागचा एक्सेल वेगवेगळा, मग ट्रेलर जोडून परत. ट्रेलर जोडल्यावर पिकअपच्या दोन्ही एक्सेलची बेरीज जेवढी वाढली तेवढं टंग वेट, सोपं आहे. मागचा एक्सेल वाढला आणि पुढचा फार कमी झाला असेल तर वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लावा, त्याचे स्प्रिंग बार वजन परत पुढच्या चाकांवर ढकलतात. ट्रेलर बाजूने बघितला तर जमिनीला समांतर दिसला पाहिजे, किंवा नाक अगदी किंचित खाली. नाक वर करून चाललेला ट्रेलर डुलतोही.

टायर आणि चाकं

इथे थोडंसंच आहे पण दर वेळी करायचं. हवा थंड टायरला चेक करायची, पिकअपची दारावरच्या स्टिकरप्रमाणे लोडची, ट्रेलरची त्याच्या प्लेटप्रमाणे, आणि एसटी टायरला साधारणपणे टायरवर लिहिलेल्या कमाल प्रेशरलाच ठेवतात. कमी हवा म्हणजे टायर जास्त चेपतो, जास्त तापतो, इंधन खातो, आणि मग एक दिवस फुटतो आणि जाता जाता ट्रेलरची खालची बाजूही फाडून जातो. टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे बघा, २३२१ लिहिलं असेल तर २०२१ च्या २३ व्या आठवड्यातला टायर आहे. ट्रेलरचे टायर झिजून नाही, उभे राहून म्हातारे होतात, पाच-सहा वर्षं झाली की नक्षी कितीही छान दिसू दे, बदलायचे.

नंतर हब. पहिल्या थांब्याला प्रत्येक चाकाच्या हबजवळ हात न्या, चिकटवू नका भाजेल, किंवा ती लेझरची तापमान बंदूक मिळते ती वापरा. सगळे साधारण सारखेच गरम असायला पाहिजेत. एकच जास्त तापलाय म्हणजे बेअरिंगचं ग्रीस संपलंय किंवा ब्रेक चिकटून घासतोय, आणि घासणारा ब्रेक म्हणजे तुम्ही ब्रेक दाबून ट्रेलर ओढताय, ॲव्हरेज कुठून येणार. इलेक्ट्रिक ब्रेक असलेल्या ट्रेलरला ब्रेक कंट्रोलरचा (ड्रायव्हरजवळचा ट्रेलरचे ब्रेक चालवणारा डबा) गेन म्हणजे जोर जास्त ठेवला असेल तरी चाकं झटके खातात, रिकाम्या जागेत ताशी ३०-४० ने जाऊन सेट करा, ट्रेलरने पिकअपला मागून ढकलायचं नाही आणि चाकं लॉकही व्हायची नाहीत. चाक काढून लावलं असेल तर ८०-१०० किलोमीटरनंतर नट परत टॉर्क पान्याने बघा.

सेफ्टी चेन ट्रेलरच्या पुढच्या दांडीच्या खाली क्रॉस करून लावा म्हणजे बॉल सुटलाच तर दांडी चेनवर पडते, रस्त्यात रुतत नाही. ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी) चेनला नाही, पिकअपला वेगळी अडकवायची. बॉलचा साइझ कपलरवर (दांडीच्या टोकाची बॉलवर बसणारी वाटी) लिहिलाय तोच, दोन इंचाच्या कपलरला त्याहून लहान बॉल चालवणारे बघितलेत मी, नको.

चालवायचं कसं

टो-हॉल मोड, म्हणजे ओढताना गिअर उशिरा बदलणारं गिअरबॉक्सचं सेटिंग, असेल तर लावा. त्याने इंधन थेट वाचतं असं नाही, उलट आरपीएम वर दिसेल आणि माणसाला वाटेल की जास्त जळतंय. पण तो मोड नसताना गिअरबॉक्स वरच्या गिअरला जातो, झेपत नाही म्हणून खाली येतो, परत वर जातो, या उड्यांमध्ये टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला ऑइलचा दुवा) सतत स्लिप होतो, त्यात इंधन पण जातं आणि ऑइल तापून गिअरबॉक्सचं आयुष्य पण जातं. गाडी अशा उड्या मारत असेल तर हाताने एक गिअर खाली लॉक करा आणि शांत बसा. गिअरबॉक्स ऑइलचं तापमान दाखवणारं मीटर असेल तर स्क्रीनवर तेच ठेवा.

सपाटीला क्रूझ कंट्रोल ठीक. चढउताराच्या रस्त्याला बंद करा, कारण क्रूझला स्पीड एके स्पीड एवढंच कळतं, चढ आला की तो बुडापर्यंत दाबतो. तुम्ही समोरचा चढ बघू शकता. आधी थोडा वेग असू द्या, चढावर पाय तसाच ठेवून स्पीड ९० चा ८०-७५ पर्यंत पडू द्या, माथ्यावरून पुढे उतार आपोआप परत वेग देतो. ६ टक्क्यांचा चढ म्हणजे आपल्या ४४०० किलोच्या जोडीला निव्वळ गुरुत्वाकर्षणाचे २६४ किलो मागे ओढतात, सपाटीच्या सगळ्या विरोधापेक्षाही जास्त. ८० ने तो चढ चढायला चाकांपाशी १२५ हॉर्सपॉवरच्या आसपास लागते आणि तीही सतत. इथे वजन खरंच खातं, सपाटीला म्हटलं होतं ते इथे लागू नाही, त्यामुळे घाटाघाटाचा रस्ता असेल तर ते नको असलेलं सामान आणि पाणी खरंच उतरवा. उंचीवर गेलं की हवाही विरळ होते, टर्बो नसलेल्या इंजिनाची पॉवर ३०० मीटरला साधारण ३ टक्के कमी होत जाते, तेव्हा लाजायचं काही नाही, हळू लेनला या.

चढात गेलेलं सगळं उतारावर परत मिळत नाही कारण उतारावर ब्रेकच्या उष्णतेत घालवावं लागतं. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर घ्या, नंतर नाही. इंजिन ओरडू दे, ॲक्सिलरेटर सोडलेला असताना आधुनिक इंजिन इंजेक्शनच बंद करतं, म्हणजे तो आवाज फुकटचा आहे. ब्रेक मधून मधून ठाम दाबून स्पीड खाली आणायचा आणि सोडायचा, सतत पाय ठेवून नाही, तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा देतात.

समोरच्या गाडीपासून भरपूर अंतर. हे सेफ्टीसाठी आहेच पण इंधनासाठीही आहे, लांबून लाल दिवा दिसला की पाय काढून घ्यायचा, ४४०० किलो परत शून्यापासून हलवण्यापेक्षा ३० ने सरकत राहणं कधीही स्वस्त. मोठ्या ट्रकच्या मागे चिकटून हवा वाचवायचा सल्ला कुणी दिला तर कानाआड करा, ट्रेलर घेऊन तेवढ्या अंतरात थांबता येत नाही.

आणि ट्रेलर डुलायला लागलाच तर पिकअपचा ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंगने त्याच्याशी भांडायचं नाही. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, ब्रेक कंट्रोलरचं हाताचं बटण हळूहळू दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. मग थांबून वजन नीट लावा, कारण ते चुकलेलं असणार किंवा स्पीड तरी जास्त असणार.

काय लावावं, काय लावू नये

फाळका उघडा ठेवला की हवा निघून जाते हा समज काही मरत नाही. फाळका बंद असताना हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून बसतो आणि वरची हवा त्यावरून सरकत जाते, उघडला की तो मोडतो. बंदच ठेवा. हौद्यावरचं झाकण मोकळ्या पिकअपला किंचित फायदा देतं, मागे भिंत उभी असेल तर फरक शोधूनच काढावा लागेल. टपावरचा डिफ्लेक्टर कधी थोडा उपयोगी, कधी काहीच नाही, तो पिकअप, ट्रेलर आणि मधली गॅप यांच्यावर अवलंबून, म्हणून घ्यायचाच असेल तर आधी उसना घेऊन मोजून बघा. गॅप मात्र खरंच महत्त्वाची, वळताना ट्रेलरचा कोपरा पिकअपला लागणार नाही एवढी ठेवून जितकी कमी तितकी चांगली. उचललेलं सस्पेन्शन, चिखलाचे जाडे टायर, टपावरची रॅक आणि लाईटची पट्टी, यांतलं प्रत्येक जण थोडंथोडं खातं. टोइंगचे लांब आरसे ट्रेलर नसताना आत घ्या. चुंबक, गोळ्या, पाइपला लावायच्या रिंगा, यावर बोलण्यासारखं काही नाही.

मोजायचं कसं

डॅशबोर्डवरचा आकडा थोडा खुशामती असतो, त्यामुळे टाकी ते टाकी मोजा. फुल टाकी, पंपाची नळी पहिल्यांदा आपोआप बंद होते त्या कटऑफला थांबायचं, ट्रिप शून्य, पुढच्या वेळी शक्यतो तोच पंप, परत पहिल्या कटऑफला थांबायचं, किलोमीटर भागिले लिटर. सोबत सरासरी स्पीड, वारा आणि रस्ता कसा होता ते एका ओळीत लिहून ठेवा, नाहीतर दोन ट्रिपची तुलना करून काही कळत नाही. टायरचा साइझ बदलला असेल तर किलोमीटरच चुकीचे येतात, जीपीएसशी ताडून बघा.

तुलना करताना लिटरला किती किलोमीटर यापेक्षा १०० किलोमीटरला किती लिटर असं बघायची सवय लावा. १२ चं १४ झालं की माणूस खूश होतो पण ३०० किलोमीटरला वाचले साडेतीन लिटर. ५ चं ६ झालं तर नुसता १ वाढला असं वाटतं आणि वाचले १० लिटर. म्हणून ट्रेलर असतानाचा अर्धा किलोमीटरही सोडू नका, तिथेच खरा पैसा आहे.

शेवटी पंपाचं प्लॅनिंग. ९० लिटरची टाकी आणि ५ चं ॲव्हरेज म्हणजे कागदावर ४५०, पण समोरचा वारा, चढ आणि पुढचा पंप बंद असणं हे धरून ३२०-३३० ला भरायचं. पंप निवडताना आत वळायला जागा आहे का आणि छताची उंची किती ते मॅपच्या फोटोत आधी बघा, मोठ्या ट्रकांसाठीचे पंप बरे पडतात, सरळ आत आणि सरळ बाहेर. रांगेत शिरल्यावर रिव्हर्स घ्यायची वेळ आली तर घाई नको, सोबतच्याला उतरवून मागे उभं करा, स्टिअरिंगला खालच्या बाजूने हात धरा, हात ज्या बाजूला न्याल त्याच बाजूला ट्रेलरचं मागचं टोक जातं, आणि कोन जास्त झाला की पुढे येऊन सरळ करून परत सुरू करा, दांडी पिकअपच्या बंपरला टेकेपर्यंत ताणू नका.